सुपूर्दनाम्यावरचे चाचा

आमच्या बाबांच्या कंबरेचे न्यायसंस्थेवर उपकार आहेत, असं मी चारचौघांत म्हणते तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. झालं, हिनं सुरू केलं, असा त्या बघण्याचा अर्थ असतो. पण ही गोष्ट खरोखरच कंबरेपासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आमचं घर बोरगाव मेघ्याला, जिथं वर्धा शहर संपतं आणि शेतं सुरू होतात त्या काठावर. घरात बाबा, आई आणि मी. बाबांची थोडी शेती होती. मी वर्ध्याच्या कॉलेजात कॉमर्सला होते. खरं म्हणजे मी स्नेहसंमेलनाला होते, कॉमर्स मधल्या काळात उरकायचं.

दरवर्षी दिवाळी उलटली की वर्धा नदीच्या पलीकडून, अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, एक पिंजारी आमच्याकडे यायचे. त्यांना सारी गल्ली चाचा म्हणायची, त्यांच्याच वयाचे बाबासुद्धा. उंच, वाळके, कोरलेली मिशी आणि आरशासारखे गुळगुळीत गाल. सकाळी न्हाव्याकडे जाऊन आल्याशिवाय ते कामाला हात लावत नसत. दाढी वाढली की कापसाचे तंतू तिच्यात अडकतात आणि दिवसभर गाल खाजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं पिंजण म्हणजे माणसाहून लांब लाकडी धनुष्य. त्याला ताणून बांधलेली तात. डाव्या हातात पिंजण, उजव्या हातात लाकडाचा मुठीएवढा ठोकळा, आणि तातेवर ठोका बसला की ट्यँव असा एक आवाज, जो मी अजून घशातून हुबेहूब काढून दाखवते. लग्नाकार्यात मला त्याची फर्माईश होते.

आमची छपरी मोठी, म्हणून आजूबाजूच्या घरांच्या गाद्या तिथंच उसवल्या जायच्या. महिनाभर छपरीत पांढरं धुकं असायचं आणि त्या धुक्यात चाचा. जेवायला आमच्याकडे, झोपायला छपरीत. जाताना पिंजण खांद्यावर टाकून एस.टी.त चढायचे आणि दरवर्षी कंडक्टरशी पिंजणाच्या तिकिटावरून वाद घालायचे.

त्या वर्षी ते नेहमीपेक्षा खुशीत होते. त्यांच्या मुलीला पहिलं बाळ होणार होतं, संक्रांतीच्या आसपास. मुलगी माहेरीच आली होती. त्या बाळाची गादी आजोबानंच पिंजायची, हे ठरलेलं. आईनं आमच्या शेतातला पहिल्या वेच्याचा कापूस त्यासाठी वेगळा काढून ठेवला होता, आणि त्याची सरकीसुद्धा हातानं काढली होती. ते गाठोडं छपरीतल्या खुंटीला लटकत असे. गिऱ्हाइकांच्या गाद्या संपल्या की शेवटच्या दिवशी ते सोडायचं, असा चाचांचा बेत. येताजाता ते त्याला नुसते बोट लावायचे, पाळण्याला लावावं तसं.

ज्या दिवशी आमच्या घरच्या सगळ्या गाद्या उसवून झाल्या, आणि कापूस अर्धा पिंजून झाला, त्याच दिवशी दोन पोलीस आले. सिंदी मेघ्यातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी चाचांनी आठ-पंधरा दिवसांपूर्वी गाद्या भरल्या होत्या. त्या घरातल्या एका उशीत म्हणे सोन्याची पोत लपवून ठेवली होती आणि ती आता सापडत नव्हती. उशी उसवणारा हात कोणाचा, तर पिंजाऱ्याचा. एवढ्यावर तक्रार झाली.

चाचांनी वाद घातला नाही. ठोकळा खाली ठेवला, तात सैल केली, पिंजलेल्या ढिगावर चादर पसरली. आईला म्हणाले, "वहिनी, याले हवा लागू देऊ नोका. मी आलोच." आणि गेले.

ते आलोच फार लांबलं.

थोड्या दिवसांत कळलं की जामीन मंजूर झाला. आम्हाला आनंद झाला. आईनं त्या दिवशी वांग्याची भाजी जास्तीची केली आणि दारातला दिवा उशिरापर्यंत ठेवला. चाचा आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग त्यांची बायको, आमची चाची, नदीपलीकडून आली आणि आमच्या पायरीवर बसून तिनं आम्हाला समजावलं की जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीन मिळणं वेगळं. कोर्टानं सोडायचं ठरवलं होतं. फक्त एक माणूस पाहिजे होता. इथला, ओळखीचा, ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा. त्यानं उभं राहून म्हणायचं, हा तारखेला येईल, नाही आला तर मला धरा. तिचे भाऊ होते, दीर होते, पण ते सगळे पलीकडच्या जिल्ह्यातले. असा एक माणूस मिळेपर्यंत चाचा सुटले होते आणि आत होते.

चाची आमच्या गल्लीत घरोघर फिरली. आईही तिच्याबरोबर गेली, आणि त्या फेरीचं वर्णन आई पुढं कितीतरी वर्षं नकलांसकट करायची. माझ्यात जे काही नाटक आहे ते तिच्याकडून आलं. प्रत्येक घरी आधी गादीची तारीफ झाली. हा माणूस सोनं चोरणारा नाही, असंही प्रत्येकानं सांगितलं. मग एकाची जमीन भावांच्या सामाईक नावावर निघाली, एकाचा जावई सरकारी नोकरीत निघाला, आणि एकानं तर मान्यच केलं की चाचा पळाले तर त्यांच्याऐवजी आपल्याला आत बसवतील अशी भीती वाटते. ज्यांनी भरलेल्या गादीवर तो बसला होता, त्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली भाड्यानं जामीन राहणारी माणसंही असत. दररोज नव्या माणसाशी त्यांची जन्मोजन्मीची ओळख निघे. पण त्यांचं भाडं चाचीला झेपणारं नव्हतं.

बाबा काय म्हणाले? बाबा म्हणाले, "पाहू."

आता कंबर. घरातल्या सगळ्या गाद्या उसवलेल्या, कापूस छपरीत चादरीखाली, आणि थंडी अशी की सकाळी बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नाही. बाबांनी साधा मार्ग काढला. बाजारातून दुसरा पिंजारी घेऊन आले. आईनं फाटक उघडलंच नाही. अर्धा पिंजलेला कापूस दुसऱ्या हाताखाली देत नसतात, असं तिनं त्या माणसाला फाटकावरूनच सांगितलं. आणि गंमत म्हणजे तोही मान हलवून म्हणाला, बरोबर आहे बाई, मी घेणारही नाही. बाबा एकटे पडले.

मग आम्ही सतरंजीवर झोपू लागलो. आई आणि मी निमूट झोपायचो. बाबांचं मात्र रोज एक कीर्तन व्हायचं. फरशीचा गारठा कोणत्या मणक्यातून शिरतो आणि कोणत्या मणक्यातून निघतो, ते आम्हाला सविस्तर ऐकावं लागे. एका सकाळी त्यांना चप्पल घालायला वाकता येईना. ते दाराला धरून तसेच उभे राहिले. आई चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, "एक सही करा अन् गादीवर झोपा. नाईतर मले सांगा, मी शेत माह्या नावावर करून घेतो अन् मीच जातो."

बाबा त्याच दिवशी कोर्टात गेले. मला बरोबर नेलं, कारण वाकावं लागलं तर कोणीतरी हवं. न्यायाधीश एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, आरोपीला कसं ओळखता? बाबा म्हणाले, माझ्या लग्नाची गादी यांनीच भरली. बसलेल्या वकिलांत थोडं हसू पसरलं. मॅडमनी पुढचं विचारलं, तारखेला आरोपी आला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, समजतं का? बाबा म्हणाले, समजते. चाचांचे वकील त्यांना बाहेर आणखी काही समजावणार होते, पण बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं. मले माहीत आहे, म्हणाले, मी कोर्टाचं काम केलेलं आहे.

इथं मला बैलाची गोष्ट सांगावीच लागते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमचा एक बैल चोरीला गेला होता. पोलिसांना तो सापडला, चोरही सापडला. खटला संपेपर्यंत बैल म्हणजे पुरावा, कोर्टाच्या भाषेत मुद्देमाल. पण कोर्ट काही बैलाला कडबा घालत बसत नाही. ते तो मालकाच्या ताब्यात देतं आणि लिहून घेतं की विकणार नाही, रूपात बदल करणार नाही, आणि बोलावू तेव्हा हजर करू. त्या कागदाला सुपूर्दनामा म्हणतात. बाबांनी तो शब्द असा मनावर घेतला की त्या बैलाला त्यांनी जुंपणं सोडून दिलं. खांद्यावर घट्टा पडला तर रूप बदलेल! पोळ्याला सारे बैल शिंगं रंगवून, झुली घालून तोरणाखाली उभे, आणि त्यांच्यात आमचा तो एक, बिनरंगाचा, खाऊन खाऊन हौदासारखा झालेला. लोक विचारायचे, याला सुतक आहे का? बाबा छाती काढून म्हणायचे, सुपूर्दनाम्यावर आहे. शेवटी त्याला कोर्टाच्या आवारात नेऊन उभं केलं तेव्हा शिपायानं खिडकीतून एकदा पाहिलं आणि हो म्हटलं. एवढंच. बाबांना मात्र तो आयुष्यातला मोठा प्रसंग वाटत असे.

तर बाबांनी कोर्टाचं काम केलेलं होतं ते हे.

चाचा बाहेर आले त्या दिवशी मी आणि बाबा त्यांना आणायला गेलो. चाची आमच्या घरीच थांबली होती. चाचांना मी आधी ओळखलंच नाही. खांदे पडलेले, गालांवर पांढरी-काळी दाढी छातीकडे निघालेली. घरी आईनं उंबऱ्यावर भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. चाचांनी पहिल्यांदा छपरीत जाऊन चादर उचलली, कापसात हात घातला, आणि म्हणाले, चांगला राह्यला. मग खुंटीवरच्या गाठोड्याला बोट लावलं. मग आईला म्हणाले, थोडं गरम पाणी करा, मी न्हाव्याकडून येतो अन् कामाले बसतो. दोन दिवसांत तुमच्या गाद्या करतो, मंग बाळाची, अन् घरी जातो.

बाबा त्यांच्या आडवे झाले.

न्हावी नाही, म्हणाले. कोर्टानं दाढीसकट दिलेले आहेत, दाढीसकटच परत दाखवायचे आहेत. काम नाही. हाताला काही लागलं, तात तुटून डोळ्यावर आली, तर जबाबदार कोण? आणि नदीपलीकडे जायचं तर नावच काढायचं नाही. तारीख येईपर्यंत फाटकाच्या आत.

आईनं विचारलं, "काऊन? माणूस आहे का बैल?"

"सुपूर्दनाम्यावर आहे," बाबा म्हणाले. "कोर्ट तुले समजते का मले?"

आणि खरं सांगायचं तर त्या घरात कोर्टाचं काम केलेलं दुसरं कोणी नव्हतं. चाचा आतून इतके नियम ऐकून आले होते की आणखी एक नियम ऐकून त्यांना काही वाटलंच नाही. त्यांनी मान हलवली. चाची एकटीच मुलीकडे परत गेली. एस.टी.च्या खिडकीतून ती आमच्याकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात तक्रार नव्हती, हेच अवघड होतं.

मग आमच्याकडे जे सुरू झालं ते मी रंगवून सांगितलं तर खोटं वाटेल, म्हणून कमीच सांगते. बाबा चाचांना दोन्ही वेळा समोर बसवून जेवू घालत. भाकरीवर तुपाचा गोळा आपल्या हातानं ठेवत. वजन उतरायला नको. चाचा कोपऱ्यावरच्या दुकानात विडी आणायला निघाले की बाबा पायात चप्पल सरकवत मागून जात, वाकता येत नसतानाही. सकाळी उठल्या उठल्या छपरीत डोकावून चाचा आहेत ना ते बघत. आणि एवढं सगळं करून, ज्या गादीसाठी हा खटाटोप केला ती गादी अजून ढिगातच! आम्ही सतरंजीवर, कंबर फरशीवर, आणि जिल्ह्यातला उत्तम पिंजारी आमच्या छपरीत हातावर हात ठेवून बसलेला.

पण ते हात बसत नव्हते. बोलता बोलता त्यांची उजवी मूठ वळायची आणि मांडीवर हलकेच ठोका पडायचा. झोपेतसुद्धा. मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, आतमध्ये पक्क्या कैद्याला काम असतं, तो सुतारकी करतो, बागेत राबतो, त्याचा दिवस जातो. ज्याचा निकाल लागला नाही तो कच्चा कैदी. त्याला काम नाही. तो नुसता बसतो. चाचांच्या बराकीत असे कितीतरी होते. त्यांच्यातल्या काहींचा जामीन चाचांसारखाच होऊन पडला होता. रोज संध्याकाळी ते आपल्या गावातल्या माणसांची नावं आठवत, हा येईल का, तो येईल का. एकजण तर इतके दिवस आत होता की त्यानं आठवून आठवून सगळी नावं संपवली होती, आणि मग तो इतरांना त्यांची नावं आठवायला मदत करायचा.

"मले तुह्या बापाचं नाव त्यानंच आठवून देल्लं," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, ते नाई येनार, त्याहिची कंबर दुखते."

मग दोघंही हसलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्याले कोनी आनाले गेलं का नाई, काय माहीत."

संक्रांत जवळ आली. नदीपलीकडून एक नातेवाईक निरोप घेऊन आला, की आता आज-उद्याचा खेळ आहे, मुलगी वाट बघते आहे. त्या दुपारी चाचा बाबांच्या समोर जाऊन उभे राहिले. मी दारातच होते.

"भाऊ, जाऊ नोका देऊ. पन त्या गाठोड्यातला एवढा कापूस तरी पिंजू द्या. जाड तात लावत नाई, हळू पिंजतो. आवाज बी होनार नाई. निरोप्याच्या हातानं पाठवून देतो."

बाबांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "चाचा, मी पोया झाला तरी बैलाचं शिंग नाई रंगवलं. तुम्ही तं माणूस आहा. तुमचं काई कमीजास्त झालं तर मी कोर्टाले काय तोंड दाखवू?"

चाचांनी पुन्हा मान हलवली. निरोप्या रिकाम्या हातानं गेला. त्या रात्री बाबांचं कीर्तन झालं नाही.

दोन दिवसांनी तारीख होती. बाबांनी धोतर काढून नवा पायजमा घातला. चाचांना आईनं धुतलेला सदरा दिला. मीही गेले, अर्थातच. असला प्रयोग मी चुकवते होय? पुकारा झाला तसे बाबा चाचांचं मनगट धरून उठले आणि दोघं एकदमच मॅडमपुढं जाऊन उभे राहिले.

मॅडमनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"जामीन, साहेब." बाबा त्यांनाही साहेबच म्हणायचे.

"आज तुमचं काही काम नव्हतं."

"माल माह्या ताब्यात आहे ना, साहेब. जसा देल्ला तसा आनला. दाढीले वस्तरा लागू देल्ला नाई. कामाले लावला नाई, फाटकाच्या बाहीर एकटा सोडला नाई. वजन थोडं वाढलं असंल, ते तेवढं माफ करा."

कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचे पक्षकार, भिंतीशी उभे शिपाई, आमचे वकील तर फाइलमागं तोंड लपवून. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि चाचांना विचारलं, "सुटल्यापासून घरी जाऊन आलात का?"

"नाई, साहेब. भाऊनं सांगतलं, कोर्टाचा हुकूम नाई."

हळूहळू हसणं थांबलं. मॅडमनी दोघांकडे पाहिलं, आणि मग जे बोलल्या ते त्या बाबांशी बोलल्या, पण अगदी हळू, शाळेतल्या बाई बोलतात तसं.

"हे तुमच्या ताब्यात नाहीत. हे कोणाच्याच ताब्यात नाहीत. मी यांना सोडलं आहे. यांनी काम करावं, घरी जावं, हवं ते करावं. तारखेला इथं यावं, एवढंच. तुम्ही त्या येण्यापुरते यांच्यासाठी उभे आहात."

बाबांनी विचारलं, "अन् माह्याकडं ठेवले नाई, तर हे येतीन कशावरून?"

"तुम्ही सही केलीत ती कशावरून केली होती?" मॅडम म्हणाल्या, आणि पुढची तारीख दिली.

बाहेर आल्यावर बाबा कडुनिंबाच्या पारावर बसले ते उठेनात. चाचा त्यांच्या शेजारी बसले. मला वाटलं आता चाचा बोलतील, आणि बोलले असते तर ते शोभलं असतं. आत गेलेले दिवस एक वेळ नशिबाचे म्हणता आले असते. पण आमच्याकडचे दिवस तर त्यांचे स्वतःचे होते, आणि तेही आम्ही ठेवून घेतले होते. चाचांनी विडी पेटवली.

"भाऊ," ते म्हणाले, "तिथल्यापेक्षा तुमच्या इथली भाकर लय चांगली होती. म्हनून मले शंका नाई आली."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नुसता त्यांचा गुडघा धरला आणि धरूनच बसले.

मी पुढं कुठंही ही गोष्ट सांगितली की लोक बाबांना हसतात, आणि त्यांनी हसावं म्हणूनच मी ती तशी सांगते. पण नंतर मला कळत गेलं की सोडलेल्या माणसाला धरून ठेवणारे एकटे बाबाच नव्हते. दोन हजार सालानंतर कधीतरी पेपरात आलं की कायद्यात सुधारणा झाली. ज्याच्यावर साधा, जामीनपात्र गुन्हा आहे आणि ज्याला आठवडाभरात जामीनदार मिळत नाही, त्याला गरीब समजून त्याच्याच शब्दावर सोडायचं. आणि निकालाविना शिक्षेची निम्मी मुदत आत काढलेल्यांनाही सोडायचं, काही गुन्हे वगळून. बाबा तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. चाचांच्या कलमाला ती सुधारणा लागू झाली असती का, असं विचारलं. मी म्हटलं, साधा गुन्हा धरला नसता, बहुतेक नाही. मग म्हणाले, "म्हंजे अजून बी कोनीतरी नावं आठवत बसलाच असंल." चाचांनी मला सांगितलेली ती गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. म्हणजे चाचांनीच सांगितली असणार, कधी तरी, दोघंच असताना.

चाचांच्या खटल्याचं पुढं इतकंच झालं की ते व्यापारी काही तारखांनंतर यायचे थांबले, आणि काही वर्षांनी चाचा निर्दोष सुटले. ती पोत सापडली का? मला माहीत नाही. गल्लीला माहीत आहे, पण गल्लीला सगळंच माहीत असतं.

असो. गोष्टीत आम्ही अजून पारावरच होतो.

घरी आल्यावर चाचा सरळ छपरीत गेले. पिंजण उतरवलं, तात ताणली, आणि आमच्या ढिगावरची चादर काढायला लागले. म्हणाले, पहिले तुमची गादी, दोन दिवस, मग निघतो. बाबांनी चादर त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा ढिगावर पसरली.

"माही कंबर काई आज जन्मली नाई. तुमी निंघा. आर्वीची गाडी दुपारची आहे, पुढं नदी ओलांडस्तोवर सांज होते."

 चाचांना बाबांच्या मनातलं कळत होतं. सातबाऱ्यावरचं एकच शेत, आणि त्याच्या जोरावर सोडलेला नदीपलीकडचा माणूस. त्यांनी पिंजण भिंतीला टेकवलं. म्हणाले, "मंग हे इथं राहू द्या, भाऊ. याच्याबिगर मी पोट भरू शकत नाई. तुमाले बी घोर नाई."

आईनं खुंटीवरचं गाठोडं काढून आणलं होतं. ती बाबांकडे बघत उभी राहिली. बाबा भिंतीकडे गेले. वाकता येत नव्हतं, तरी वाकले, आणि ते लांबलचक पिंजण उचलून चाचांच्या खांद्यावर ठेवलं.

"बाळाची गादी काय दातानं पिंजता?" म्हणाले.

एस.टी.पर्यंत आम्ही तिघंही गेलो. पिंजणाच्या तिकिटाचा वाद त्या दिवशी बाबांनी घातला, आणि हरले. गाडी गेली. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहून धूळ बसेपर्यंत बघत होते. मग आईला म्हणाले, "नाई आला तं?" आई म्हणाली, "तं सतरंजी आहे."

पुढची तारीख येईपर्यंत आम्ही सतरंजीवरच होतो. गल्लीतले लोक बाबांना मुद्दाम विचारत, काय हो, तुमचा माल दिसत नाही? बाबा म्हणत, माल नाही तो, माणूस आहे. असं म्हणायचे खरे, पण संध्याकाळी अंगणात येऊन आर्वीच्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. नदीपलीकडून निरोप नाही, कोणी नाही.

तारखेला बाबा पुकाऱ्याच्या कितीतरी आधी जाऊन कोर्टाच्या वऱ्हांड्यात उभे राहिले. मी बरोबर. गर्दी वाढत गेली. प्रत्येक दाढीवाल्याला बाबा निरखून पाहत होते. एका म्हाताऱ्याच्या तर ते पार तोंडासमोर जाऊन आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी, मग दुसरी. कपाळावर घाम, माघ महिन्यात. आतून पुकारे सुरू झाले. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, वकिलाला बोलाव. 

त्यांच्या मागेच खांबाला टेकून एक उंच माणूस उभा होता. त्याच्यापुढून बाबा दोनदा गेले होते. आरशासारखे गाल, कोरलेली मिशी. सदऱ्याच्या बाहीवर कापसाचे दोन-चार तंतू चिकटलेले. मी त्याला केव्हाच ओळखलं होतं, पण त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि असला प्रवेश मोडण्याइतकी मी अरसिक नाही.

"कोनाले पाहून राह्यले, भाऊ?"

बाबा गर्रकन वळले. त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ज्याला ते लग्नापासून ओळखत होते तोच चेहरा, आणि इतके दिवस घरात ठेवूनही त्यांना तो दिसला नव्हता.

"दाढी काढली," बाबा म्हणाले.

"पोरगी झाली," चाचा म्हणाले. "लहान पोरीले टोचते."